गळती ऐकणारी माणसं: घरातल्या लीक डिटेक्टरची गोष्ट

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" बरेच काढलेत.

प्रश्न साधा आहे. घरात पाणी गळतंय का हे सांगणारा डिटेक्टर घ्यायचा, तर कोणता? ऑनलाइन शोधा, ढीगभर पर्याय समोर येतात. हातात मावणारी डबी, दोरीसारखी केबल, पाइपवर बसवायचा आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह. प्रत्येकाखाली पाच-पाच स्टार. मी स्वतः कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे फीचर्सची यादी बघून मलाही मोह होतो. पण या यंत्रांचा इतिहास वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक डिटेक्टर कुठल्या तरी विशिष्ट पाण्यासाठी जन्मला आहे. ते पाणी आपल्या घरात नसेल, तर ते यंत्र आपल्या घरात मुकं. म्हणून आधी इतिहास, मग खरेदी.

लिव्हरपूल, १८७३

इंग्लंडमधलं लिव्हरपूल. १८७०च्या सुमारास तिथे पाण्याची टंचाई होती आणि नळाला दिवसातले ठरावीक तासच पाणी यायचं. ओळखीचं वाटतंय ना? शहराचा अभियंता होता जॉर्ज फ्रेडरिक डीकन, वय जेमतेम तीस. सगळे म्हणत होते, नवं धरण हवं. डीकननं वेगळा प्रश्न विचारला: आहे ते पाणी जातंय कुठे?

त्यानं १८७३ मध्ये एक मीटर बनवला. पाइपच्या निमुळत्या भागात एक चकती, चकतीला जोडलेली पेन्सिल आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा कागदाचा रोल. पाण्याचा प्रवाह वाढला की रेघ एका बाजूला सरकणार, कमी झाला की दुसऱ्या. हा मीटर एकेका वस्तीच्या तोंडाशी बसवला आणि खरी नजर ठेवली ती रात्रीवर. रात्री दोन-तीन वाजता सगळं गाव झोपलेलं असतं. तरीही रेघ शून्यावर येत नसेल, तर ते पाणी कुणी वापरत नाहीये. ते वाया जातंय.

मग रात्रपाळीचे निरीक्षक निघायचे. रस्त्यावरच्या कॉकला लांब चावी लावायची आणि चावीचं दुसरं टोक कानाला. आत सूं-सूं आवाज आला की कॉक बंद करायचा, वेळ वहीत लिहायची, पुढच्या घराकडे जायचं. सकाळी वहीतली वेळ आणि कागदावरची रेघ शेजारी ठेवायची. २ वाजून १० मिनिटांनी रेघ धपकन खाली आलीय? मग २:१०ला ज्याचा कॉक बंद केला, गळती त्याच घराकडे. आम्ही सॉफ्टवेअरवाले दोन लॉग फाइल्स टाइमस्टँपवर जुळवतो, ते हेच काम! गळती सापडत गेली, खप उतरला आणि लिव्हरपूलला नवं पाणी न आणता पुन्हा चोवीस तास पुरवठा देता आला. वेल्समधलं मोठं व्हर्नवी धरण नंतर झालंच आणि त्या कामातही डीकन होता. पण आधी गळती, मग धरण.

युद्धातला कान, गणितातला कान

पहिल्या महायुद्धात सैनिक एकमेकांच्या खंदकांखाली भुयारं खणत होते. शत्रूची कुदळ कुठे चाललीय हे ऐकायला जिओफोन वापरात आला. जमिनीवर ठेवायच्या दोन छोट्या डब्या, त्यांतून दोन कानांना जाणाऱ्या रबरी नळ्या. दोन कान असल्यामुळे दिशाही कळायची. युद्ध संपल्यावर तोच जिओफोन जमिनीखालच्या पाइपमधून सुटणारं पाणी शोधायला लागला.

पुढे १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये हे काम गणितावर गेलं. पाइपवर दोन ठिकाणी सेन्सर लावायचे आणि गळतीचा आवाज एकापेक्षा दुसऱ्याकडे किती उशिरा पोचतो ते मोजायचं. समजा दोन सेन्सरमध्ये १०० मीटर अंतर आहे, लोखंडी पाइपमधून आवाज सेकंदाला साधारण १२०० मीटर धावतो आणि फरक आला ०.०२ सेकंदांचा. म्हणजे अंतरांत २४ मीटरचा फरक. गळती जवळच्या सेन्सरपासून ३८ मीटरवर. तिथे खणा. याला कोरिलेटर म्हणतात.

पण एक अट आहे. आवाज हवा असेल तर पाइपात दाब हवा. दाबानं पाणी बारीक फटीतून सुटतं, म्हणून ते आवाज करतं. आपल्याकडे जिथे दिवसातून दोन तास पाणी येतं, तिथे हे यंत्र ऐकणार फक्त त्या दोन तासांत. त्याहून वाईट म्हणजे पाणी बंद झालं की रिकाम्या पाइपात तीच फट आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढू शकते. त्या फटीतून कावीळही घरात येते. गळती म्हणजे फक्त वाया गेलेलं पाणी नाही, हे इथे कळतं.

आता आपल्या फ्लॅटमध्ये येऊ

बाजारातली तीन मुख्य यंत्रं आता या नजरेनं बघा.

पहिलं, आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह. घराच्या मुख्य पाइपवर बसतो, प्रवाह आणि दाब मोजतो, संशय आला की पाणी तोडतो. म्हणजे डीकनचा मीटर, पण घरगुती. हा बनला तो अशा घरांसाठी, जिथे शहराचं पाणी साधारण ३ ते ४ बार दाबानं एकाच पाइपनं आत येतं. आपल्या बहुतेक इमारतींत पाणी आधी गच्चीवरच्या टाकीत जातं आणि तिथून खाली येतं. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर ३ मीटरच उंची असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार. शिवाय अनेक इमारतींत प्रत्येक बाथरूमला आणि किचनला टाकीतून वेगळी लाइन उतरते. मग व्हॉल्व्ह लावणार कुठे? एकाच लाइनवर लावला, तर बाकीच्या दोन त्याला दिसतच नाहीत. बंगला असेल, प्रेशर पंप असेल, घरात एकच लाइन येत असेल, तर जरूर विचार करा. नाहीतर पैसे पाण्यात.

दुसरं, डबी. तिच्या तळाला धातूचे दोन ठिपके असतात. पाणी दोघांना जोडतं, थोडीशी वीज वाहते, डबी ओरडते. स्वस्त आणि कामाची, पण कोरड्या फरशीसाठी. आपलं बाथरूम रोज धुतलं जातं, तिथे ही रोज सकाळी बोंब मारणार. हिची जागा सिंकच्या खाली, वॉशिंग मशीनच्या मागे, इन्व्हर्टरजवळ, आरओ फिल्टरखाली. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून त्यातून वीजही कमी वाहते. तेव्हा त्याच पाण्याचे दोन थेंब टाकून डबी वाजते का ते तपासा. आणि भोंगा डबीतच असू द्या. वीज गेली की वायफाय जातं, मग मोबाइलवरचं नोटिफिकेशन कुठून येणार?

तिसरी, केबल. पूर्ण लांबीत कुठेही भिजली तरी कळवते. डेटा सेंटरमध्ये उचललेल्या फरशीखाली अशीच केबल पसरलेली असते. मॉड्युलर किचनच्या कपाटांमागे, जिथे हात आणि नजर पोचत नाही, तिथे डबीपेक्षा ही बरी.

पण आपल्याकडे सोसायटीत भांडण होतं ते बहुतेक वेळा चौथ्याच गोष्टीवरून: वरच्यांच्या बाथरूममुळे खालच्यांचं छत ओलं. ते पाणी अनेकदा नळाच्या लाइनमधलं नसतंच. ते नहाणी ट्रॅपच्या कडेनं किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमधून झिरपतं. तिथे दाब नाही, म्हणून आवाज नाही. व्हॉल्व्हला ते दिसत नाही, जिओफोनला ऐकू येत नाही. तिथे लागते गवंड्यांची जुनी पाँडिंग टेस्ट. ट्रॅप बंद करा, बाथरूममध्ये थोडं पाणी साठवा, पातळीची खूण करा, २४ तासांनी बघा. वरचे काका आणि खालचे काका दोघांच्या समोर करा. खूण बघितल्यावर आवाज आपोआप खाली येतात.

रात्रीची एक परीक्षा

सगळ्यात आधी मात्र डीकनचीच परीक्षा करा. फुकट आहे. फ्लॅटला मीटर असेल तर झोपताना आकडा लिहा, पहाटे कुणी नळ उघडण्याआधी पुन्हा बघा. मीटर नसेल तर सोसायटीच्या ग्रुपवर एक रात्र ठरवा. टाकी भरणं बंद करून रात्री २ आणि ४ वाजता पातळी मोजा. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर एक चोर तिथेच सापडला.

हिशोब करू. टाकी ३ मीटर बाय २ मीटर, दोन तासांत पातळी २ सेंटिमीटर उतरली. म्हणजे १२० लिटर, तासाला ६०, दिवसाला १,४४० आणि वर्षाला सुमारे सव्वापाच लाख लिटर.

आता एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून लातूरला 'जलदूत' नावाची पाण्याची रेल्वे निघाली होती. पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या, प्रत्येकीत साधारण ५० हजार लिटर. मिळून पाच लाख लिटर, ज्याची बातमी देशभर गाजली. तेवढं पाणी एका सोसायटीच्या टाकीतून, दोन-दोन सेंटिमीटर करत, वर्षभरात निघून जातं आणि कुणाला आवाजही येत नाही.

म्हणून डिटेक्टर जरूर घ्या, पण आधी एक रात्र जागा. पुढच्या भागात भेटू. हा भाग सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला विसरू नका, वरच्या आणि खालच्या दोन्ही काकांसाठी!