आउटबोर्ड इंजिनातील अतिप्रभारण

आउटबोर्ड इंजिनातील अतिप्रभारण (ओव्हरचार्जिंग) म्हणजे होडीच्या मागील फळीवर बाहेरून बसविलेल्या इंजिनाच्या विद्युत यंत्रणेने बॅटरीला गरजेपेक्षा अधिक दाबाने वीज पुरवीत राहणे. बारा व्होल्टच्या यंत्रणेत इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट दाब असतो. तो १५ व्होल्टच्या वर टिकून राहिल्यास यंत्रणेत दोष आहे असे समजले जाते. दाब वाढलेला दिसताच रेग्युलेटर बदलण्याची प्रथा सर्वत्र आढळते. परंतु मूळ दोष पुष्कळदा बॅटरीत किंवा तारांच्या जोडणीत असतो.

रचना

इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये (प्रचक्रात) कायम चुंबके बसविलेली असतात. त्यांच्या आत स्थाणुक, म्हणजे तांब्याच्या तारेची स्थिर वेटोळी असतात. फ्लायव्हील फिरू लागले की वेटोळ्यांत प्रत्यावर्ती वीज निर्माण होते, एकदिशकारक (रेक्टिफायर) तिचे एकदिश विजेत रूपांतर करतो आणि रेग्युलेटर दाबाला मर्यादा घालतो. मोटारगाडीच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकक्षेत्रच कमी-जास्त करता येते. येथे चुंबके कायमची असल्याने तसे करता येत नाही. म्हणून अनेक इंजिनांतील रेग्युलेटर ठरावीक दाब गाठताच स्थाणुकाची वेटोळी क्षणोक्षणी लघुमंडलित (शॉर्ट) करून जादा वीज अडवतो. हे काम करणारे घटक निकामी होऊन उघडे राहिले की दाबाला आवर राहत नाही. काही जुन्या व लहान इंजिनांत तर रेग्युलेटर नसतोच, केवळ रेक्टिफायर असतो. अशी होडी भरलेल्या बॅटरीसह दीर्घकाळ पूर्ण वेगाने चालविल्यास बिघाड नसतानाही दाब १५ व्होल्टच्या पुढे जातो.

लक्षणे व धोका

बॅटरीतील पाणी वारंवार कमी होणे, बॅटरी गरम होणे, तिच्या बाजू फुगणे, सडलेल्या अंड्यासारखा वास येणे, दिवे प्रखर होऊन जळणे आणि मासे शोधण्याचे किंवा दिशादर्शक उपकरण बंद पडणे ही प्रमुख लक्षणे होत. शिसे-आम्ल बॅटरीत साधारण १४.४ व्होल्टच्या वर पाण्याचे विघटन वेगाने होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत सुमारे चार टक्के हायड्रोजन मिसळला तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. होडीत बॅटरीची पेटी आणि पेट्रोलची टाकी बहुधा शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे सैल टर्मिनलची एक ठिणगीही घातक ठरते.

नंदुरबार जिल्ह्यातील संदर्भ

शहादा तालुक्यात तापी नदीवर सारंगखेडा व प्रकाशा येथे बॅरेज आहेत. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील डोंगरांत शिरलेले आहे. या धरणामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. विस्थापितांपैकी अनेक कुटुंबांचे पुनर्वसन शहादा व तळोदा तालुक्यांत झाले. काठावर राहिलेल्या पाड्यांना मात्र दळणवळणासाठी आणि तरंगत्या दवाखान्यापर्यंत पोहोचण्यासाठी होडीच लागते. तेथे मध्यावर इंजिन बंद पडणे ही केवळ गैरसोय नसते.

येथील उन्हाळाही विचारात घ्यावा लागतो. तापमान वाढते तसा बॅटरीला झेपणारा प्रभारण दाब कमी होतो. बारा व्होल्टच्या बॅटरीत हे प्रमाण दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०२ व्होल्ट असते. २५ अंशांना योग्य असलेला १४.४ व्होल्टचा दाब ४५ अंशांना सुमारे ०.४ व्होल्टने अधिक ठरतो. म्हणून रेग्युलेटर निर्दोष असूनही मे महिन्यात बॅटरीतील पाणी आटत राहू शकते.

तपासणी

प्रथम इंजिन बंद ठेवून, काही तास विश्रांती दिलेल्या बॅटरीचा दाब मोजतात. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. सुमारे १०.५ व्होल्ट दिसल्यास एक कोश निकामी झाल्याचा संशय घ्यावा. अशा बॅटरीत उरलेल्या पाच कोशांवर जास्त दाब येऊन त्या उकळतात, आणि गंमत अशी की त्या वेळी मीटर नेहमीचा किंवा कमीच दाब दाखवतो. उलट सल्फेट साचलेली बॅटरी प्रवाह घेत नाही, म्हणून तिच्यावर दाब झपाट्याने चढतो. पावसाळ्यापुरत्या बाहेर काढल्या जाणाऱ्या बचाव-होड्यांच्या बॅटऱ्यांत हा दोष संभवतो.

त्यानंतर इंजिन पाण्यात ठेवून, होडी घट्ट बांधून, निष्क्रिय गतीला आणि मग मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांना दाब मोजतात. पाण्याविना इंजिन चालविल्यास पंपाचे रबरी चक्र थोड्याच वेळात जळते. इग्निशनच्या विद्युत गोंधळामुळे डिजिटल मीटर चुकीचे आकडे दाखवू शकतो. शंका आल्यास काट्याच्या मीटरने पडताळणी करणे इष्ट.

दाब खरोखरच जास्त असेल, तर खात्रीच्या व चांगल्या बॅटरीवर हीच चाचणी पुन्हा करतात. आकडा खाली आल्यास दोष पहिल्या बॅटरीत असतो. तो खाली न आल्यास तारांकडे वळावे. काही रेग्युलेटरना बॅटरीचा दाब ओळखण्याची स्वतंत्र तार असते. ती गंजली की रेग्युलेटरला खरा दाब कमी भासतो आणि तो आणखी वीज सोडतो. या तारेच्या रेग्युलेटरकडील टोकावर आणि बॅटरीवर मिळणाऱ्या दाबांत एक व्होल्टचाही फरक आढळल्यास तार व तिचे जोड बदलावेत. अर्थिंगची जोडणीही याच पद्धतीने तपासतात. हे सर्व निर्दोष ठरल्यावरच रेग्युलेटर दोषी मानावा. तो सहसा राळेत बंद केलेला असल्याने दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहणे ही जुनी सवय येथे विशेष घातक आहे. बॅटरीचा आधार सुटताच दाब एकदम उसळतो आणि चांगला रेग्युलेटरही जळतो.

प्रवासात दोष आढळल्यास वेग कमी करून दिवे, पंप अशी उपकरणे चालू ठेवली तर दाब काहीसा उतरतो. इग्निशनचे वेटोळे स्वतंत्र असलेल्या इंजिनांत, इंजिन बंद करून स्थाणुकाकडून रेग्युलेटरकडे येणाऱ्या, बहुधा पिवळ्या रंगाच्या, तारा सोडवून त्यांची टोके वेगवेगळी टेपने झाकली, तर प्रभारण थांबते आणि होडी काठाला आणता येते. इंधन-इंजेक्शनच्या इंजिनांत मात्र त्यानंतर सारा भार बॅटरीवर पडतो, आणि ती जितका वेळ टिकेल तितकाच प्रवास शक्य असतो.