कारेनिन की कारेनिना? आडनावातल्या एका 'आ'चा इतिहास

आज एका छोट्याशा स्वराबद्दल बोलू या.

टॉलस्टॉयच्या कादंबरीचं नाव आपण 'अ‍ॅना कारेनिना' असंच ऐकलेलं असतं. पण १९०१ साली कॉन्स्टन्स गार्नेट यांचं इंग्रजी भाषांतर निघालं, त्याचं नाव होतं 'अ‍ॅना कारेनिन'. शेवटचा 'आ' कुठे गेला?

रशियन, चेक, पोलिश या स्लाव्हिक भाषांत बरीच आडनावं लिंगानुसार बदलतात. नवरा कारेनिन, बायको कारेनिना. वडील शारापोव्ह, मुलगी शारापोव्हा. पोलंडमध्ये वडील स्क्लोदोव्स्की, तर मुलगी मारिया स्क्लोदोव्स्का. तीच पुढे मेरी क्युरी झाली. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पाटील-पाटलीणबाई, जोशी-जोशीणबाई आपणही म्हणतो. 'पाटलांनी', 'पाटलांचा' म्हणताना आडनावाला विभक्तीही लावतो. फरक इतकाच, की आपली 'पाटलीण' बोलण्यापुरती असते. त्यांचं स्त्रीरूप मात्र सरकारी कागदावर असतं.

इंग्रजीत आडनाव असं बदलत नाही. त्यामुळे वाक्यात घेताना एकच रूप पक्कं करावं लागतं. मग कोणतं करायचं?

कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह स्वतः रशियन. अमेरिकेत साहित्य शिकवताना त्यांनी आपलं मत स्पष्ट मांडलं: इंग्रजीत 'कारेनिन'च म्हणावं, स्त्रीरूप ठेवायचं ते फक्त रंगमंचावरच्या कलावंतांचं. नर्तिका अ‍ॅना पाव्हलोव्हा म्हणून 'पाव्हलोव्हा'च राहते. त्यांच्या पत्नीही इंग्रजीत व्हेरा नाबोकोव्ह होत्या, नाबोकोव्हा नव्हे. या नियमामागचा हिशोब बघा. जिची ओळख स्वतःच्या कामाने झाली, तिचं रूप राहिलं. जिची ओळख 'अमक्यांची बायको' अशी, तिला नवऱ्याचं रूप. गोर्बाचेव्ह यांच्या पत्नी रशियनमध्ये राइसा गोर्बाचोव्हा. इंग्रजी वृत्तपत्रांत मात्र त्या राइसा गोर्बाचेव्ह झाल्या.

खेळाडूंनीही आपलं रूप टिकवलं. मार्टिना जन्माने शुबर्तोव्हा. सावत्र वडिलांचं आडनाव नव्रातिल, म्हणून ती नव्रातिलोव्हा. आपण तिला नवरातिलोवा म्हणून ओळखतो. १९७५ साली तिने अमेरिकेत आश्रय मागितला, १९८१ साली ती अमेरिकन नागरिक झाली. देश बदलला, आडनावाचं चेक स्त्रीरूप तसंच राहिलं. विम्बल्डनच्या नऊ एकेरी विजेतेपदांपुढे ते रूप इंग्रजीत चुकीचं आहे, असं कोण म्हणणार?

आता उलटी बाजू. चेक कायद्यानुसार बाईने '-ओव्हा' लावणं हा नियमच होता; परदेशी माणसाशी लग्न किंवा परदेशात वास्तव्य अशा कारणांसाठीच सूट मिळे. परदेशात बापलेकीची आडनावं कागदावर वेगळी दिसतात, हे तिथे राहणाऱ्यांना ठाऊक असतं. १ जानेवारी २०२२ पासून कायदा बदलला. आता कोणतीही चेक स्त्री कारण न देता मूळ पुरुषी रूप घेऊ शकते.

म्हणजे एकीकडे भाषांतरकार 'आ' काढत होते, दुसरीकडे सरकार तो लावायला सांगत होतं. दोन्हीकडे जिचं नाव, तिला कोणी विचारलं नव्हतं. कादंबरीतल्या अ‍ॅनाला विचारता येत नाही. पण हयात व्यक्तीचं आडनाव वाक्यात लिहिताना व्याकरणाआधी बघायचं ते एवढंच: ती स्वतःची सही कशी करते?

भेटू पुढच्या भागात.