चारशेचा रोल

पुण्याच्या जुन्या बाजारात मी एक रशियन कॅमेरा घेतला. स्मेना ८एम. लेनिनग्राडच्या लोमो कारखान्यातला, काळ्या प्लास्टिकचा, हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. "पडला तरी फुटायचा नाही साहेब," असं विकणाऱ्याने सांगितलं. ते खरं निघालं, कारण घरी येईपर्यंत तो दोनदा पडला. त्यात ४००चा ब्लॅक अँड व्हाइट रोल भरला आणि कॅमेऱ्यावर ४०० कुठे लावायचे ते शोधू लागलो. लेन्सच्या तोंडाभोवती एक कडं होतं, त्यावर १६, ३२, ६५, १३०, २५० एवढेच आकडे. माझा आकडाच नव्हता.

हे आकडे नुसते आठवणीसाठी असावेत, अशी माझी समजूत झाली. पुष्कळ कॅमेऱ्यांवर तशी चकती असते, आत कुठला रोल आहे ते विसरू नये म्हणून. मी कडं १६वर सोडून दिलं आणि भर उन्हात छत्तीसच्या छत्तीस काढल्या. रोल धुऊन आला तेव्हा निगेटिव्ह कोळशासारख्या काळ्याकुट्ट होत्या. मग कडं फिरवून लेन्समध्ये डोकावलो, तेव्हा कळलं की ते फिरवलं की आतलं भोक लहानमोठं होतं. १६ला एफ/४, ३२ला एफ/५.६, ६५ला एफ/८, १३०ला एफ/११ आणि २५०ला एफ/१६. शटरच्या कड्यावर ऊन, ढग, पाऊस यांची चित्रं. कडक ऊन म्हणजे १/२५०. म्हणजे या कॅमेऱ्यात मीटर नव्हतं तरी हिशोब होता. फक्त तो गोस्ट या सोव्हिएत मापात मांडलेला होता, आणि त्या मापातले ९० म्हणजे आपले साधारण १००.

आपले म्हणजे कोणाचे? रोलच्या डब्यावरच्या या आकड्याला तीन-चार घराणी आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही.

मूळ पुरुष दोन. इंग्लंडमध्ये मर्सी नदीकाठी विडनेस नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ते धुण्याच्या सोड्याच्या कारखान्यांनी आणि त्यांच्या धुराने भरलेलं होतं. तिथे फर्डिनांड हर्टर हा स्वित्झर्लंडहून आलेला रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हा इंजिनिअर एकाच धंद्यात होते. फोटोचा नाद ड्रिफील्डचा. त्याने १८७६मध्ये हर्टरला त्यात ओढलं. पण हर्टर पडला कारखान्यातला माणूस. किती वेळ उघडायचं हे 'अंदाजाने' ठरवायचं, ही गोष्ट त्याला सहन होईना. तोवर फोटोग्राफरचा सगळा कारभार अंदाजावरच चाले, आणि जिलेटिनच्या नव्या कोरड्या काचा आल्यापासून तो अंदाजही कोलमडला होता. या काचा जुन्या ओल्या काचांपेक्षा कितीतरी चपळ होत्या. शिवाय एका कंपनीची काच दुसरीसारखी नसे.

दोघांनी एक मेणबत्ती घेतली. साधी नव्हे, ठरावीक तेजाची, प्रमाण म्हणून मानलेली. तिच्यापासून ठरलेल्या अंतरावर काच ठेवून तिच्या एकेका पट्टीला दुप्पट, चौपट, आठपट प्रकाश दिला. काच धुतली, प्रत्येक पट्टीवर किती काळेपणा जमला ते मोजलं आणि आलेख काढला. खाली प्रकाश, वर काळेपणा. रेघ सुरुवातीला आळसावल्यासारखी रेंगाळते, मग सरळ चढते आणि वर जाऊन वाकते. सरळ भाग मागे वाढवून तळाच्या रेघेला जिथे मिळतो, तो काचेचा जडपणा. ३४ला त्या जडपणाने भागलं की काचेचा वेग. मे १८९०मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, तेही फोटोग्राफीच्या नव्हे, रासायनिक उद्योगाच्या नियतकालिकात. आजही फिल्मच्या माहितीपत्रकात तीच रेघ छापलेली असते.

इथवर सगळं सरळ. गडबड झाली ती आकडा बाजारात गेल्यावर. खवा विकणारा कधी खव्याला वाईट म्हणतो का? काचा विकणाऱ्यांनी आपापल्या सोयीच्या रसायनात काचा धुऊन मोठाले वेग छापायला सुरुवात केली. जर्मनीत हाच खेळ दुसऱ्या नावाने चालला. युलियस शायनर या खगोलशास्त्रज्ञाने १८९४मध्ये, ताऱ्यांच्या फोटोंसाठी कुठली काच चांगली हे ठरवायला स्वतःची मोजपट्टी केली होती. दर तीन अंशांनी वेग दुप्पट. काच जेमतेम काळवंडायला किती प्रकाश पुरतो एवढंच ती मोजी. आकाशाला ते चालत असेल, माणसाच्या चेहऱ्याला चालत नाही. पण मोठा आकडा काढायला ती फार सोयीची, त्यामुळे शायनर अंश दरवर्षी फुगत गेले. शेवटी जर्मन प्रमाण संस्थेने १९३४मध्ये डिन ४५१२ हा नियम काढून मोजणीची पद्धत बांधून दिली. तीन अंशांनी दुप्पट ही शायनरची चाल मात्र तशीच ठेवली.

अमेरिकेत निर्मात्यांवरचा विश्वास उडाला तो वेगळ्या वाटेने. न्यू जर्सीतली वेस्टन कंपनी विजेची मोजयंत्रं करायची (फोटोग्राफर एडवर्ड वेस्टनचा तिच्याशी संबंध नाही, नावं जुळली एवढंच). १९३२मध्ये तिने प्रकाश मोजणारं मीटर बाजारात आणलं. मीटरवर फिल्मचा वेग लावायचा तर वेग खरा हवा, आणि डब्यावरच्या आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नव्हता. म्हणून वेस्टनने बाजारातल्या फिल्म आपल्याच प्रयोगशाळेत तपासून आपलेच आकडे छापले. जनरल इलेक्ट्रिकनेही तेच केलं, आणि अर्थात त्यांचे आकडे वेस्टनशी जुळेनात. जुन्या वेस्टन मीटरवर आपल्या १००च्या जागी ८० लावावे लागतात. हातात असं मीटर आलं आणि सगळे फोटो किंचित पातळ येऊ लागले, तर मीटरला दोष देण्याआधी हे तपासावं.

मला या वंशावळीत सगळ्यांत आवडतो तो कोडॅकचा लॉइड जोन्स. त्याने मेणबत्ती बाजूला ठेवली आणि माणसांना विचारलं. एकाच दृश्याच्या कमीजास्त प्रकाशाच्या अनेक निगेटिव्ह काढायच्या, प्रत्येकीचा होईल तितका चांगला प्रिंट करायचा, ते लोकांपुढे मांडायचे आणि 'चांगला' म्हणावा असा प्रिंट देणारी सगळ्यांत कमी प्रकाशाची निगेटिव्ह कुठली ते पाहायचं. वेगाची व्याख्या पहिल्यांदाच काचेवरून उठून फोटो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आली. अमेरिकन स्टँडर्ड्स असोसिएशनने १९४३मध्ये याच पायावर आपला नियम केला. तोच आपला एएसए.

त्यात एक मेख होती. लोक चुकतात, मीटर चुकतं, आणि कमी प्रकाशाची निगेटिव्ह काही केल्या वाचत नाही, म्हणून एएसएने मोजलेल्या वेगाला जवळपास अडीचपट सुरक्षेची गादी लावली. खरा वेग जास्त, छापलेला कमी. आई पोराच्या शर्टाला शिवणीत कापड राखून ठेवते, तसं. पुढे मीटर सुधारली, छोट्या कॅमेऱ्यांचा जमाना आला, आणि जास्त प्रकाशाने छोट्या निगेटिव्हवर दाणा ढोबळ दिसू लागला. १९६०मध्ये राखलेलं बहुतेक कापड काढून टाकलं. १९५४पासून २००ची म्हणून विकली जाणारी ट्राय-एक्स ४००ची झाली. ज्याने कपाटात जुने डबे साठवले होते, त्याच्याकडे फिल्म तीच राहिली आणि वेग दुप्पट झाला. आज कुणी "मी ४००ला २०० धरूनच काढतो, सावल्या उघडतात" असं सांगू लागला की मला हसू येतं. तो नकळत १९५९ साली जाऊन बसलेला असतो. त्यात वाईट काहीच नाही. निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश पोटात घालते, कमी प्रकाश मात्र तिला सोसत नाही. स्लाइडचं नेमकं उलट. तिथे थोडाही जादा प्रकाश झाला की आभाळ पांढरंफेक.

वेग मोजला कसा, हे झालं. तो येतो कुठून, ही गंमत वेगळीच आहे. चांदीच्या क्षारांना धरून ठेवणारं जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांपासून करतात, आणि एका घाण्याची फिल्म चपळ तर दुसऱ्याची मठ्ठ का, हे कोडं बरीच वर्षं सुटेना. १९२५मध्ये कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्डने उत्तर दिलं: गंधक. जिलेटिनमध्ये अगदी लेशमात्र असलेलं गंधकाचं संयुग चांदीच्या स्फटिकांवर डाग पाडतं आणि प्रकाश तिथे पकड घेतो. मोहरीला झणका देणाऱ्या द्रव्याच्या जातीचंच ते, आणि जिलेटिनमध्ये आलं होतं जनावराच्या चाऱ्यातून. फोडणीत तडतडते ती मोहरी फिल्मच्या कुळात अशी निघाली. पुढे १९३६मध्ये आग्फाच्या रॉबर्ट कोस्लोव्स्कीला सोन्याच्या क्षाराने वेग आणखी कितीतरी वाढवता आला. चारशेच्या रोलात थोडी मोहरी आहे आणि थोडं सोनं.

आकडा एक गोष्ट मुळीच सांगत नाही, ती म्हणजे रंग. जुन्या काचांना आणि फिल्मना तांबडं दिसतच नसे, म्हणून तर डार्करूममध्ये तांबडा दिवा चालायचा. घरातल्या शंभर वर्षांच्या फोटोत पणजीच्या कपाळावरचं कुंकू डांबरासारखं काळं दिसतं, ते याचमुळे. अशी तांबडं न दिसणारी फिल्म, ऑर्थो, आजही मिळते. दगडी देवळावर ती फार देखणी उतरते, माणसाच्या ओठांवर जपून वापरावी.

आपल्याकडे ही सगळी घराणी एकाच दुकानात नांदायची. पूर्व जर्मनीच्या ऑर्वोच्या डब्यावर एनपी २२ आणि एनपी २७ लिहिलेलं असे. तो मालाचा क्रमांक वाटे, पण २२ आणि २७ हे डिनचे अंशच होते, १२५ आणि ४०० एएसए. शेजारी आपल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू', आणि बडोद्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीसाठी १२०चे रोल, एका रोलात बारा फोटो. क्लिक थ्रीवालाही ऊन आणि ढग एवढंच बघायचा.

एएसए आणि डिन यांची सोयरीक आयएसओने १९७४मध्ये लावली. तेव्हापासून डब्यावर १००/२१°, ४००/२७° अशी जोडनावं आली. १९८३मध्ये कोडॅकने रोलच्या अंगावर काळ्यारुपेरी चौकटी छापल्या आणि कॅमेराच आकडा वाचू लागला. माणसाने तो वाचायची गरज उरली नाही. फुगवायची हौस मात्र गेली नाही. ३२००ची म्हणून मिळणारी फिल्म आयएसओच्या कसोटीला जेमतेम १०००च्या आसपास उतरते. ३२०० म्हणजे "एवढी ताणा, धुताना जास्त वेळ ठेवा, निभावेल" असा सल्ला. शायनरच्या काळातले दुकानदार पाहतील तर खूश होतील.

मग रोल घ्यायचा कुठला? मे महिन्यात, सावली जमिनीवर धारदार पडत असेल तर १००. एफ/१६ ठेवा आणि शटर रोलच्या आकड्याच्या सगळ्यांत जवळचं, म्हणजे १/१२५. पुढे सगळं दुपटीने आणि निमपटीने. विरळ ढगाला भोक एक घर उघडा, दाट ढगाला दोन. ४०० घ्यावा तो पावसाळ्यात, जुन्या वाड्याच्या ओसरीवर, गाडीच्या खिडकीत. लग्नाच्या हॉलमध्ये ८०० घेतला तरी हात धरून ठेवावा लागतो. मुंबई-कोकणच्या दमटपणात रोल फ्रिजमध्ये ठेवावेत, पण काढल्याकाढल्या डबी उघडू नये. तासभर बाहेर राहू द्यावी, नाहीतर थंड ताकाच्या पेल्यासारखा फिल्मला घाम येतो. फार जुना रोल मिळाला तर दर दहा वर्षांना एक घर जास्त प्रकाश, हा ढोबळ आडाखा. तो पुष्कळदा चुकतो.

श्रावणात मी स्मेना घेऊन माळशेजला गेलो. आत पुन्हा ४००चा रोल. कड्यावर २५०पुढे काही नाही, त्यामुळे अर्ध्या घराहून थोडा जादा प्रकाश तसाही जाणार होता. धुकं दाट होतं, तेव्हा मी आणखी एक घर खाली, १३०वर आलो आणि चित्रातला ढग धरला. परत आल्यावर रोलवर मार्करने लिहिलं, "१३० धरून काढलाय, नेहमीसारखाच धुवा."

लॅबमधल्या पोराने रोल उलटासुलटा करून पाहिला. "काका, एकशे तीसचा रोल कुठून आणलात?"