चौथ्या दिवसाची गोळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला गिऱ्हाईक काय घेऊन गेलं यापेक्षा काय परत घेऊन आलं, यावरून जास्त कळतं. सोलापुरात मी जवळजवळ चाळीस वर्षं दुकानात उभा राहिलो. पूर्व भागातले विणकर, विड्या वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरची पोरं, शाळामास्तर, सगळे यायचे. पोटात कसं दुखतंय हे मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांत कसं सांगतात, ते मला पाठ झालं होतं.

परत येणाऱ्या औषधांत एक प्रकार ठरलेला असे. नैराश्यावरच्या गोळ्या. आणि त्यांचा दिवसही ठरलेला, चौथा किंवा पाचवा.

एक बाई मला आजही आठवते. विड्यांच्या कारखान्यातून थेट आली होती, बोटांना तंबाखूचा वास. म्हणाली, ‘‘काका, ही पट्टी घ्या परत. मन बरं व्हायचं राहिलं बाजूला, पोटच बिघडलं. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.’’ मी पट्टी बघितली. दहापैकी चार गोळ्या गेल्या होत्या. मी सहा गोळ्यांचे पैसे परत दिले. ती आशीर्वाद देऊन गेली. मला वाटलं, आपण भलं काम केलं.

ते भलं काम नव्हतं, हे कळायला मला स्वतः आजारी पडावं लागलं.

आमची ही गेली आणि वर्षभरात माझं सगळं उतरलं. भाकरी घशाखाली जाईना, पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. पेपर हातात धरायचा, अक्षरं दिसायची, वाचलं काही जायचं नाही. माझी मोठी बहीण अक्का सोबतीला आली होती. तिनेच ओढून मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. म्हणाले, ‘‘काका, एस्सिटालोप्राम देतोय, पाच मिलिग्रॅमपासून सुरू करू. पहिले दहा-पंधरा दिवस जरा त्रास होईल. तुम्हाला मी काय सांगायचं?’’

खरंच, मला काय सांगायचं! तरी तिसऱ्या दिवशी मळमळ सुरू झाली. जांभया येत होत्या आणि झोप मात्र नव्हती. हाताला बारीक कंप, तळव्यांना घाम, छातीत उगाच धडधड. चौथ्या दिवशी सकाळी मी पट्टी कपाटाच्या खणात ढकलली आणि वर्तमानपत्र पांघरलं. अक्काने ते पाहिलं. तिने एवढंच विचारलं, ‘‘दुकानात लोकांना काय सांगायचास?’’

मी काय सांगायचो, ते मला आठवलं. काहीच सांगायचो नाही, पैसे परत द्यायचो.

त्या दिवशी गोळी घेतली आणि एक प्रश्न डोक्यात धरला. त्रास आधी आणि आराम नंतर, असं उलटं का? माझ्या जुन्या पुस्तकांत शोधत गेलो, तेव्हा या गोळ्यांचा सगळा इतिहासच समोर आला. त्याचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे वैद्यांना शतकानुशतकं ठाऊक. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोन डॉक्टरांनी वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो, असं लिहिलं. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरचे अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण.

आता गंमत बघा. रक्तदाब उतरला, पण रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी डॉक्टर करू लागले. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं, की रेसर्पिनमुळे शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. म्हणजे सेरोटोनिन कमी झालं की माणूस खचतो काय? तिथून शोधाला दिशा मिळाली. म्हणजे नैराश्याच्या औषधांमागचा विचार काही अंशी एका औषधाच्या दुष्परिणामातून सुरू झाला. रेसर्पिनने खरोखर किती जणांना नैराश्य आलं, याबद्दल पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतली, हेही सांगायला हवं.

त्याच सुमारास दुसरीकडे वेगळंच घडत होतं. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयाच्या रुग्णांना आयप्रोनायाझिड दिलं जात होतं. अंथरुणाला खिळलेले रुग्ण हसू-बोलू लागले, खाऊ लागले, नाचू लागले. क्षयाच्या औषधाचा तो ‘साइड इफेक्ट’ होता. पुढे हेच औषध नैराश्यावर देऊ लागले. त्याने काहींच्या यकृताला इजा झाली आणि १९६१ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं.

तिसरी गोष्ट स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनची. तिथे डॉ. रोलांड कून हे गायगी कंपनीचं एक रसायन स्किझोफ्रेनियासाठी तपासत होते. तिथे ते निरुपयोगी ठरलं. मग १९५६ च्या जानेवारीत त्यांनी ते खोल नैराश्यात असलेल्या एका बाईला दिलं. सहा दिवसांनी तिच्यात उघड फरक दिसला. हेच इमिप्रामिन. १९५७ च्या सप्टेंबरात झुरिचच्या परिषदेत कून यांनी हे सांगितलं, तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर माणसं होती. मी दुकानात उभा राहू लागलो तेव्हा हेच औषध चालत असे. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, उठताना चक्कर, या तक्रारी त्या काळात रोजच्या.

दुष्परिणाम कसा ऐकावा याचा धडा मात्र एका औषधवाल्यानेच दिला आहे, म्हणून मला तो फार आवडतो. १९६३ साली लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयातले तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांनी, नैराश्याच्या एका गोळीने अचानक भयंकर डोकेदुखी आणि रक्तदाब होतो, असं लिहिलं. ते वाचून नॉटिंगहॅमच्या एका औषधनिर्मात्याने त्यांना पत्र पाठवलं. माझी पत्नी हीच गोळी घेते आणि चीज खाल्लं की तिचं डोकं दुखतं. लोण्याने, दुधाने होत नाही. आधी लोक हसले. पण तपासल्यावर ते खरं निघालं. मुरलेल्या चीजमधलं टायरामिन त्या गोळीबरोबर रक्तदाब चढवत होतं. तो माणूस घरच्या माणसाचं बोलणं नीट ऐकत होता. मी माझ्या गिऱ्हाइकाचं ऐकलं, पण नीट नाही.

माझ्या मळमळीचं उत्तर सेरोटोनिनच्या इतिहासातच सापडलं. इटलीचे एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात ते आतड्यात सापडलं होतं. त्यांनी त्याला एंटेरामिन म्हटलं. १९४८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या शास्त्रज्ञांनी रक्तातून एक पदार्थ काढला, त्याचं नाव सेरोटोनिन. १९५२ साली कळलं, की दोन्ही एकच. मेंदूत ते आहे हे त्यानंतर, १९५३ मध्ये, बेटी ट्वारॉग आणि आयर्विन पेज यांनी दाखवलं. म्हणजे आतड्यातला शोध आधी, मेंदूतला नंतर. आणि शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आजही आतड्यातच असतं. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. तेव्हापासूनच्या या घराण्यातल्या गोळ्या सेरोटोनिनवर काम करतात. गोळी पोटात गेल्यावर आतड्याला ते लगेच जाणवतं. मेंदूतही रसायनाची पातळी लवकर बदलते, पण त्या बदलाशी जुळवून घ्यायला मेंदूला आठवडे लागतात, असं आज मानलं जातं. त्रास आधी आणि आराम नंतर, तो यामुळे.

केवळ सेरोटोनिन कमी पडल्यानेच नैराश्य येतं, हे मात्र आजवर सिद्ध झालेलं नाही. तरी गोळ्यांचा उपयोग होतो. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांचा आढावा आला. त्यात तपासलेली २१ औषधं नुसत्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. सरसपणा मध्यम होता, चमत्कार नव्हे.

मग ते पंधरा दिवस मी कसे काढले? डॉक्टरांना फोन केला, ही पहिली गोष्ट. त्यांच्या सांगण्यावरून गोळी उपाशीपोटी न घेता न्याहारीनंतर घेऊ लागलो. झोप उडत होती म्हणून सकाळची वेळ ठरली. ज्याला गुंगी येते त्याला डॉक्टर रात्रीची वेळ देतात. सकाळची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर बाजूला ठेवली, मऊ भात-ताक खाल्लं. दुपारनंतर चहा बंद. आपल्याकडच्या उन्हात घामाने माणूस सुकतो, म्हणून पाणी थोडं थोडं. एका जुन्या वहीत रोज दोन ओळी लिहायच्या: काय होतंय आणि कालच्यापेक्षा कमी की जास्त. सहाव्या दिवसापासून मळमळीपुढे ‘कमी’ हा शब्द येऊ लागला. माझ्या वयात रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या आठवड्यात तपासणी करून घेतली. गुडघ्यासाठी मनाने वेदनाशामक घेण्याची माझी सवयही त्यांनी मोडली, कारण दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सगळेच त्रास आपोआप जात नाहीत. शरीरसंबंधांची इच्छा कमी होणं हा त्यातलाच एक. तो टिकू शकतो. लाजेपोटी गोळी सोडण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावं, त्यावर उपाय असतात. आणि काही गोष्टींत दोन आठवडे थांबायचंच नाही. जीव नकोसा वाटू लागला, एका जागी बसवेना इतकी तगमग झाली, झोपेची गरजच संपून माणूस भलताच उत्साहात बोलत सुटला, अंगावर पुरळ उठलं किंवा ताप, घाम, थरथर आणि गोंधळ एकदम आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पंचविशीच्या आतल्या मुलांकडे सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं. अमेरिकेत २००४ मध्ये लहान मुलांसाठी दिलेला इशारा २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंत वाढवला गेला, तो याचसाठी. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक २०२२ पासून आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. बरं वाटल्यावरही गोळी एकदम तोडायची नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायची.

माझ्या वहीत पाचव्या आठवड्यात एक ओळ आहे: ‘आज पेपर वाचला. अग्रलेखसुद्धा.’ अक्का त्यानंतर चार दिवसांनी आपल्या घरी गेली.

मुलगा आता दुकान बघतो. मी अधूनमधून जाऊन बसतो. पट्टी परत घेऊन कुणी आलं, तर मी आधी स्टूल पुढे करतो. कितवा दिवस आहे विचारतो, काय होतंय ते ऐकतो आणि डॉक्टरांना तिथूनच फोन लावून देतो. काही जण तरीही गोळ्या परत देतात. तो त्यांचा हक्क आहे. काही जण पट्टी पुन्हा पिशवीत टाकतात.

विड्या वळणारी ती बाई पुन्हा दुकानात आली नाही. तिचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. तिला सहा गोळ्यांचे पैसे नको होते. अजून दहा दिवस जातील एवढं कुणी सांगायला हवं होतं, आणि ते सांगायला त्या वेळी समोर मीच उभा होतो.