तेवीस द्रोणांचा मुलूख

कोकणचा पाऊस मोजण्याच्या भानगडीत कौटिल्य पडला नाही. ‘अर्थशास्त्रा’त तो प्रदेशवार पावसाचे आकडे द्रोण या मापात देतो: जांगल, म्हणजे कोरड्या, प्रदेशात सोळा द्रोण, पाणथळ मुलखात त्याच्या दीडपट, गोदावरीकाठच्या अश्मकात (साधारण आजच्या मराठवाड्यात) तेराच्या आसपास, अवंतीत तेवीस. मग अपरांत येतो, आणि तिथे ‘अमित’ एवढंच म्हणून तो पुढे सरकतो. अपरांत म्हणजे आपलं कोकण. ज्यानं एकदा तरी जुलै रत्नागिरीत काढलाय, तो या शब्दावर हरकत घेणार नाही.

अवंती म्हणजे माळवा. इंदूरचा छत्रीबाग, होळकर घराण्यातल्या छत्र्यांच्या घुमटांचा, व्यंकटेश मंदिराचा आणि ऐन पावसाळ्यात निघणाऱ्या रथयात्रेचा, हाही या तेवीस द्रोणांच्याच मुलखात येतो. म्हणजे इथल्या पावसाचा आकडा सुमारे दोन हजार वर्षं जुना आहे. द्रोणाचे मिलिमीटर करण्याचा मोह मात्र आवरलेला बरा, कारण भांड्याचं माप जसं धरावं तसं उत्तर बदलतं. क्रम तेवढा बघावा: मराठवाड्यापेक्षा माळवा ओला आणि कोकण हाताबाहेर. तो आजही तसाच आहे.

पाऊस मोजायचं भांडं ठेवायचं कुठे, हे कौटिल्यानं सांगितलंय, आणि पर्जन्यमापकाची कुळकथा खरी तिथे सुरू होते. ते वेधशाळेत नाही, ऋषीच्या आश्रमात नाही, तर सरकारी धान्यकोठारात ठेवायचं. तोंड एक अरत्नी रुंद, म्हणजे हातभर. नेमून देणारा सन्निधाता, राजाच्या कोठारांचा आणि खजिन्याचा अधिकारी. आकड्यांचा उपयोग करणारा सीताध्यक्ष, सरकारी शेतीचा प्रमुख. किती पडला यावर काय पेरायचं ते ठरणार आणि काय पेरलं यावर कोठारात काय येणार ते कळणार. नुसत्या एकूण बेरजेवर कौटिल्याचा विश्वास नव्हता. पावसाळ्याच्या पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पडला, तर ते साल चांगलं. पावसाच्या वाटणीचा असा विचार आजच्या कृषी खात्याच्या पत्रकातही शोभून दिसेल.

पुढे सहाव्या शतकात हे भांडं ज्योतिषाच्या घरी गेलं, तेही याच मुलखात. इंदूरहून तासाभराच्या वाटेवर उज्जैन आहे. तिथल्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त पावसाला स्वतंत्र अध्याय दिले. ढगांना हिवाळ्यात गर्भ राहतो आणि एकशे पंच्याण्णव दिवसांनी ते प्रसवतात, हा त्याचा सिद्धांत आज कोणी मानणार नाही. मोजणीच्या बाबतीत मात्र तो कमालीचा जमिनीवर आहे. हातभर रुंदीचं कुंड घ्यावं, पन्नास पलं पाणी म्हणजे एक आढक. आणि मोजायला लागायचं कधी? ज्या सरीनं मातीवर ठसा उमटतो किंवा गवताच्या टोकांवर थेंब राहतात, तिथपासून. थेंब पडला पण पाऊस झाला का, हा प्रश्न आजच्या हवामान खात्यालाही पडतो. त्यांचं उत्तर असं की दिवसात अडीच मिलिमीटर भरला तरच तो पावसाचा दिवस. मला गवताचं टोक जास्त आवडतं. वराहमिहिर नक्षत्रवार पावसाचं मानही देतो. आपल्या पंचांगात मृग, आर्द्रा, पुनर्वसूच्या पुढे बेडूक, म्हैस, गाढव अशी वाहनं छापतात. ती त्याच नक्षत्रवार हिशेबाच्या सावलीतली, फक्त त्यातलं कुंड तेवढं हरवलं.

बाहेरच्या जगातही हे भांडं बहुतेक वेळा कुणाच्या ना कुणाच्या गरजेपोटीच जन्मलं. कोरियात 1441–42च्या सुमारास राजा सेजोंगच्या काळात एकाच मापाची भांडी करून प्रांतोप्रांती पाठवली गेली, तीही पीकपाण्याच्या अंदाजासाठी. इटलीत 1639 साली बेनेदेत्तो कास्तेल्लीनं दुष्काळानंतर पडलेला पाऊस काचेच्या भांड्यात धरला, कारण पेरुजियाजवळचं सरोवर त्यानं किती वर येईल हे त्याला काढायचं होतं. ते त्यानं गॅलिलिओला पत्रानं कळवलं. इंग्लंडात जॉर्ज सायमन्सनं 1860 साली 168 ठिकाणचा पाऊस गोळा करून छापला, आणि मग ते वेड आयुष्यभर सोडलं नाही. पाच इंच तोंडाचा त्याच्या नावाचा मापक पुढे हिंदुस्थानभर बसला. 1875 साली भारतीय हवामान खातं निघालं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा प्रमुख झाला. तोवर एक प्रचंड वादळ कलकत्त्याला बुडवून गेलं होतं आणि दुष्काळांनी महसूल खाल्ला होता. मापक बसले ते बहुधा तहसील कचेरीच्या आवारात. कोठारातून कचेरीत, म्हणजे भांड्यानं घर बदललं, धनी नाही.

आता ज्याला मोजायचं, त्या पावसाकडे वळू. कारण माळव्यात तो दोन तऱ्हांनी येतो आणि दोन्ही तऱ्हा या भांड्याला फसवतात.

पहिली तऱ्हा वळवाची. मेमधली दुपार, पारा चाळिशीपार. साडेपाचशे मीटर उंचीचं पठार तापलेलं, जमिनीलगत समुद्राकडून आलेली थोडी दमट हवा, आणि तिच्यावर वायव्येकडची कोरडी हवा झाकणासारखी. दुपारभर झाकण टिकतं. चारच्या सुमारास एखाद्या ठिकाणी खालची हवा ते फोडून वर निघते. वर जाताना ती प्रसरण पावते आणि थंड होते, किलोमीटरमागे सुमारे दहा अंश. बाष्पाचे थेंब बनले की त्यात दडलेली उष्णता सुटते, मग हवा आणखी हलकी होऊन आणखी वर. तासाभरात ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच होतो. त्याच्या मधल्या, गोठणबिंदूखालच्या भागात बर्फाचे कण एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात, गारा वरखाली फिरत जाड होतात. पण खालची हवा कोरडी असल्यानं पडता पडता बराच पाऊस हवेतच वाळतो. त्या बाष्पीभवनानं हवा गार आणि जड होते आणि ढगाखालून आदळल्यासारखी कोसळते. इंदूरकर जिला आंधी म्हणतात ती हीच, पावसाच्या आधी येणारी. झाड रस्त्यावर आडवं, पत्रे उडालेले, आणि मापकात जेमतेम दोन मिलिमीटर. वादळाचा जोर भांड्यात मावतच नाही. उलट जोराच्या वाऱ्यात तोंडावरून हवा वळते आणि थेंब बाहेर जातात, म्हणून खरा पडला त्याहून कमीच दिसतो.

असा ढग रुंदीला फार तर काही किलोमीटरचा. म्हणून छत्रीबागेत गुडघाभर पाणी आणि विजयनगरात धूळ, हे इंदूरला नवं नाही. शहराचा अधिकृत पाऊस मोजला जातो विमानतळावर. रिगल चौराह्यावरच्या केंद्राचा आकडा वेगळा येतो, आणि इथली वर्तमानपत्रं दोन्ही छापतात, तेही अजून इंचांत. आज विमानतळावर पाऊण इंच, रिगलला दोन. खरा पाऊस कुठला? दोन्ही खरे, आपापल्या भांड्यापुरते.

दुसरी तऱ्हा जुलै-ऑगस्टची. बंगालच्या उपसागराच्या डोक्याशी कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि मान्सूनच्या आसावरून ओडिशा, छत्तीसगड करत वायव्येकडे सरकतं. सगळ्यात जोराचा पाऊस त्याच्या नैऋत्य बाजूला. ते मध्य प्रदेशावर आलं की अरबी समुद्राकडचा दमट वाराही त्यात ओढला जातो, आणि इंदूर नेमकं त्या वाटेत बसतं. 22 ऑगस्ट 2020 रोजी इंदुरात 24 तासांचा पाऊस दहा इंचांहून जास्त भरला, सुमारे 263 मिलिमीटर. शहराचा विक्रम मात्र 27 जुलै 1913चा, साडेअकरा इंचांचा, आणि तो अजून मोडलेला नाही.

या आकड्याकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. भर पावसाळ्यातल्या दमट हवेचा जमिनीपासून आकाशापर्यंतचा अख्खा स्तंभ पिळला, तरी साठ-सत्तर मिलिमीटर पाणी निघतं. मग 263 आले कुठून? डोक्यावरच्या हवेतून नाही. ते चहूबाजूंनी ओढून आणलेलं पाणी होतं. कमी दाबाचं क्षेत्र म्हणजे पंपच: खालून दमट हवा आत घे, वर पाठव, पाणी सोड, सुटलेल्या उष्णतेवर पुन्हा घे. एका चौरस किलोमीटरवर 263 मिलिमीटर म्हणजे सव्वीस कोटी लिटरहून अधिक. त्या दिवशी छत्रीबागेच्या घुमटांवरून ओघळलेल्या पाण्यातलं बरंच आदल्या आठवड्यात समुद्रात असणार.

आजचा मापक दिसायला अगदीच साधा. फायबरग्लासचं नळकांडं, शंभर किंवा दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाचं, जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर धरलेलं. आत नरसाळं, खाली बाटली. दोनशेच्या तोंडाचं असेल तर वीस मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. सकाळी साडेआठला बाटली काढायची, मोजपात्रात ओतायची, नोंदवहीत लिहायचं. गारा पडल्या असतील तर आधी वितळवायच्या. झाडाखाली, भिंतीलगत ठेवायचा नाही, एवढं पथ्य. गच्चीवर ठेवण्याची हौस अनेकांना असते, पण तिथे वारा जास्त आणि आकडा कमी.

आणि धनी? तोही फारसा बदललेला नाही. महाराष्ट्रात महसूल मंडळात दिवसाला 65 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीचे पंचनामे त्यावर अडतात. 64 भरला तर तुमच्या शेतातलं पाणी सरकारच्या लेखी तितकंसं पाणी नाही. म्हणूनच मंडळाचं केंद्र कोणाच्या रानात बसवलंय यावरून गावात भांडणं होतात. ही भांडणं मला रास्त वाटतात. वळवाचा ढग चार किलोमीटरचा आणि मंडळ त्याच्या कितीतरी पट, तिथे एका भांड्याच्या शब्दावर भरपाई ठरवणं म्हणजे कोठारातल्या कुंडावरून साऱ्या अवंतीचा हिशेब लावण्यासारखंच.

रडारनं हे दुखणं बरंच कमी केलंय. भोपाळजवळ सीहोर जिल्ह्यातल्या सिलखेड्याला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं खास मान्सूनच्या या वाटेवरचे ढग अभ्यासायला रडारसह केंद्र उभारलं, ते 2024 साली सुरू झालं. रडार शेकडो किलोमीटरवरचा ढग बघतं, वळवाची एकेक पेशी वेगळी दाखवतं. पण ते पाऊस मोजत नाही. थेंबांवरून परतलेल्या लहरींचा जोर मोजतं, आणि तो थेंबाच्या आकाराप्रमाणे इतका बदलतो की मोठ्या थेंबांची हलकी सर आणि बारीक थेंबांची जोराची सर सारखीच दिसू शकते. त्यात गारा मिसळल्या तर आकडा भलताच फुगतो. तेव्हा रडारचा अंदाज दुरुस्त करायला तंत्रज्ञ शेवटी खाली जमिनीवर बघतात, साडेआठच्या बाटलीत किती पाणी निघालं ते.