जुन्या नावेचा सौदा

पाडव्याच्या मुहूर्तावर आपण नवी वस्तू घरात आणतो. जुन्या वस्तूला मुहूर्त लागत नाही. तिला लागतो तो विचार. जुने घर, जुनी सायकल, जुने घड्याळ, सगळ्यांतच थोडीफार जोखीम असते. परंतु जुनी शिडाची नाव घेण्याइतका कठीण सौदा दुसरा नसावा. सायकल मोडली तर माणूस पायी घरी येतो. नाव मोडली तर येत नाही.

मी किनाऱ्यावरच्या गावात मास्तरकी करतो. नाव कशी पारखतात हे अनेकदा पाहिले आहे. जाणता माणूस आधी रंगाकडे पाहतच नाही. खिशातून सुरी काढून तिचे टोक तळाच्या फळीत टोचतो. खिळ्यांच्या आसपास हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. लाकूड खणखणले तर ठीक. भद्द आवाज आला तर तो बिडी पेटवून दुसरेच काही बोलू लागतो. विकणाऱ्याने काय ते समजावे.

ही पारख ज्याला पूर्ण अवगत होती अशा एका माणसाने १८९२ साली एक कुजकी नाव घेतली, आणि तीही डोळे उघडे ठेवून. त्याचे नाव जोशुआ स्लोकम. जगाला एकट्याने शिडाच्या नावेतून प्रदक्षिणा घालणारा तो पहिला माणूस, एवढे पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र त्या प्रदक्षिणेपेक्षा तो सौदाच अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

स्लोकमचा जन्म १८४४ सालचा, कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा. लहानपणीच शाळा सुटली आणि बापाच्या बूट शिवण्याच्या कामाला हात लावावा लागला. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे असल्या माणसांविषयी मला थोडे अधिक ममत्व वाटते हे कबूल करतो. पुढे तो मोठमोठ्या गलबतांचा कप्तान झाला. पण १८८४ साली त्याची पत्नी व्हर्जिनिया ब्युनोस आयरिसच्या बंदरात वारली, आणि १८८७ साली त्याचे ‘अक्विडनेक’ हे जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यावर रुतून गेले. त्याने रडत न बसता ३५ फुटांची एक होडी स्वतः बांधली. ती पाण्यात सोडली त्याच दिवशी ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली, म्हणून तिला ‘लिबरदादे’, म्हणजे स्वातंत्र्य, असे नाव दिले, आणि बायकामुलांना घेऊन तो अमेरिकेला पोचला. दुसऱ्या पत्नीने मात्र त्यानंतर समुद्राला रामराम ठोकला.

अमेरिकेत आल्यावर काय? काळ आगबोटींचा. शिडाच्या उंच जहाजांच्या डोलकाठ्या तोडून त्यांचे कोळसा वाहण्याचे पडाव करीत होते. गोदीत सुताराचे काम मागावे तर आधी कामगारांच्या संस्थेला ५० डॉलर भरा. अठ्ठेचाळीस वर्षांचा हा कप्तान बोस्टनमध्ये असा रिकामा असताना त्याचा एक जुना परिचित, देवमासे मारणाऱ्या जहाजांवरचा निवृत्त कप्तान एबेन पिअर्स भेटला. फेअरहेवनला ये, तुला एक जहाज देतो, फक्त थोडी दुरुस्ती लागेल, असे तो म्हणाला.

स्लोकम फेअरहेवनला गेला. न्यू बेडफर्डच्या समोरचे हे गाव. देवमाशाच्या तेलावर ही दोन्ही गावे श्रीमंत झाली होती. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि त्यांची भरभराट ओसरली. तिथे समुद्रापासून दूर, चक्क एका शेतात, टेकू देऊन आणि वर कनवास पांघरून ‘स्प्रे’ नावाची एक नाव उभी होती. सात वर्षे ती तशीच होती. मूळची कालवे काढणारी नाव. शंभर वर्षांची तरी असेल असे शेजारी सांगत. मित्राने थट्टा केली होती हे स्लोकमने ओळखले. गावकऱ्यांनी त्याला विचारले ते एवढेच की, आता ही मोडायला घेणार ना? तो म्हणाला, नाही, पुन्हा बांधणार.

इथे जरा थांबू. फुकटची वस्तू होती म्हणून त्याने घेतली, असे कोणी म्हणेल. पण जुनी नाव फुकट कधीच मिळत नसते. स्लोकमने तेरा महिने त्या शेतात काम केले. मधूनमधून जहाजांवर मजुरी करून पैसे मिळवले. जवळच्या कुरणातला ओक पाडून नवा कणा घडवला. आपल्याकडचे सुतार याला पठाण म्हणतात. फासळ्यांची लाकडे वाफेच्या पेटीत मऊ करून वाकवली. जॉर्जियातील पाइनच्या दीड इंच जाडीच्या फळ्या जडवल्या. म्हातारे कप्तान गप्पा मारायला येत आणि काम पाहून माना डोलावीत. सामानाचा एकूण खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. पै-पैचा हिशेब त्याने ठेवला होता, आणि त्या हिशेबात स्वतःच्या तेरा महिन्यांची मजुरी कुठेच नाही.

मग मूळ नावेतले उरले काय? एकेक लाकूड बदलता बदलता जुनी कधी संपली आणि नवी कधी जन्मली हे सांगता येत नाही, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. माझ्या मते उरल्या दोनच गोष्टी: नाव आणि आकार. स्लोकमने पिअर्सकडून खरोखर घेतला तो आकार. लाकूड कुजके आहे हे आंधळ्यालाही दिसले असते. आकार चांगला आहे हे पाहायला कप्तानाचे डोळे लागले.

आणि त्या आकाराने काम केले. २४ एप्रिल १८९५ रोजी तो बोस्टनहून निघाला. बरोबर एक टिनचे घड्याळ होते, तबकडी फुटलेली म्हणून दीड डॉलरचे एका डॉलरला मिळालेले. चांगल्या घड्याळाच्या दुरुस्तीला १५ डॉलर लागले असते. थर्सडे बेटाहून कोकोस बेटांपर्यंतचे २,७०० मैल ‘स्प्रे’ २३ दिवसांत गेली, आणि तेवढ्या वेळात सुकाणूशी तो सारे मिळून तीनएक तासच बसला. सुकाणू बांधून ठेवले की नाव आपली वाट आपणच धरी. २७ जून १८९८ रोजी तो न्यूपोर्टला पोचला, तेव्हा ४६,००० मैल झाले होते. त्यानंतर त्याने नाव मुद्दाम फेअरहेवनला नेली, आणि प्रथम पाण्यात उतरवताना तिला जिथे बांधले होते त्याच खुंट्याला बांधली.

परंतु त्याच आकाराविषयी जाणकारांत वाद आहे. ‘स्प्रे’ ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद होती. म्हणजे पाण्यावर परातीसारखी स्थिर. पण परात एका मर्यादेपलीकडे कलली की परत येत नाही. १९०९ साली आंद्राद नावाच्या अभियंत्याने गणिते मांडून या नावेची वाखाणणी केली. पुढे नौकारचनाकार जॉन हॅना याने मात्र तिच्या नकला बांधू नका, असा इशारा दिला. स्लोकमच्या हातात ती चालली म्हणून कोणाच्याही हातात चालेल असे नव्हे, हा त्याच्या म्हणण्याचा रोख मला पटतो.

या स्लोकमचेच नाव एका फ्रेंच खलाशाने आपल्या नौकेला दिले होते. बर्नार मोईतेसिए हा तो खलाशी, आणि ‘जोशुआ’ ही नौका. १९६८ च्या न थांबता जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत ती उतरली. त्याच शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी होता. त्याला नवी ५३ फुटी पोलादी नौका हवी होती. पैसा जमला नाही, म्हणून हाताशी असलेली ३२ फुटी सागवानी ‘सुहेली’ घेऊनच तो निघाला. ही ‘सुहेली’ आपल्या मुंबईत बांधलेली. वाटेत तिला गळती लागली, तेव्हा त्याने समुद्रात बुडी मारून सांध्यावर कनवास आणि तांब्याची पट्टी ठोकली. मध्येच शार्क आला, तर वर येऊन त्याला गोळी घातली आणि पुन्हा कामाला लागला. नऊजण निघाले होते. २२ एप्रिल १९६९ रोजी परत पोचला तो एकटाच.

मागे एका शिक्षक मित्राने मला विचारले होते की, स्वस्तात एक शिडाची होडी मिळते आहे, घेऊ का? मी त्याला होडीविषयी काहीच विचारले नाही. रंधा मारता येतो का, एवढेच विचारले. त्याने जुनी मोटारसायकल घेतली.

स्लोकमचे मात्र तसे नव्हते. रंधा त्याच्या हातचाच होता. तरीही नंतरच्या वर्षांत ‘स्प्रे’ची पूर्वीसारखी निगा राहिली नाही. ज्याने शेतात पडलेला सांगाडा उभा केला, त्याच्याच नावेचे दोर जुने झाले. वयही साठीपलीकडे गेले होते. नोव्हेंबर १९०९ मध्ये, पासष्ट वर्षांचा असताना, तो मार्थाज व्हिनयार्ड बेटावरून दक्षिण अमेरिकेकडे एकटाच निघाला. नाव कलंडली, फळी सुटली, की रात्री एखाद्या आगबोटीने धडक दिली, हे कोणालाच कळले नाही. १९२४ साली न्यायालयाने त्याला मृत ठरवले. ‘स्प्रे’ची एक फळीही कुठे सापडली नाही.