शिमला पाहताना

मंडळी, शिमल्याला गेलात की माल रोड, रिज, चर्च हे होतंच. पण व्हाइसरॉयचा वाडा बघाल तेव्हा दोन साल शेजारी ठेवा. वाडा पूर्ण झाला १८८८ मध्ये. कालका-शिमला रेल्वे आली १९०३ मध्ये. मग तोवर साहेबांचं सामान डोंगर चढलं कसं? बैलगाड्यांतून, खेचरांवरून आणि माणसांच्या पाठीवरून. त्यात पहाडी गावकऱ्यांची बेगार होती, म्हणजे आपली वेठबिगारच. तिच्याविरुद्ध कोटगढचा सॅम्युअल स्टोक्स १९२१ च्या सुमारास गावकऱ्यांबरोबर उभा राहिला. पुढे १९६५ मध्ये राधाकृष्णन यांच्या पुढाकारानं याच वाड्यात उच्च अध्ययन संस्था आली. सत्तेच्या घरी विचार नांदू लागला, चांगलंच झालं. पण विचार करायचा तर पहिला प्रश्न हाच : हे ओझं कोणी वाहिलं?